हलका घोडा

आमच्या लश्कर शहरात, इंदरगंजातल्या बंदुकीच्या दुकानात मी काय करतो, विचारू नका. शेठला पिडायला बसतो, दुसरं काय. तर एकदा शिर्के मास्तर आले आणि म्हणाले, "शेठजी, नेमबाजीचं पिस्तूल इतकं महाग का असतं?"

शेठ फुलला. "मास्तरसाब, कारीगर एकेक का घोडा हाथ से घिस-घिसके हलका करता है. उँगली छुई नहीं कि गोली चली."

मी म्हटलं, "हलका घोडा महाग? मग आमच्या टांगेवाल्याला सांगा. त्याच्या घोड्याच्या बरगड्या मोजता येतात."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी खिशातून कागद काढला. "एवढं लिहून द्या. पिस्तूल पुसताना माझ्या मुलाचं नुसतं बोट लागलं आणि त्याचा मित्र गेला. कोर्ट खून म्हणतंय."

शेठने कागद परत सरकवला. "मैंने कब क्या बोला?"

मग साक्षीला मीच उभा राहिलो. ऐकलं होतं ते जसंच्या तसं सांगितलं. सरकारी वकिलाने एकच विचारलं, "टोपी बाजारात राहून अख्ख्या लश्करला टोप्या घालतात, ते दादा आपणच ना?"

सगळं कोर्ट हसलं, जजसाहेबसुद्धा. पिंजऱ्यातून मास्तरांचा मुलगा तेवढा माझ्याकडे बघत राहिला, मी अजून काही बोलेन म्हणून.