शेवाळाचा उपास

नाही हो साहेब, डॉक्टरीणबाईंचं काही चुकलेलं नाही — पाच टाक्यांतून गॅस येत नाही म्हणून तुम्ही अथेन्सहून टाक्या बंद करायचा कागद खिशात घालून आलात, कबूल — पण आधी बसा, ही कुलुराकी घ्या, ईस्टरची बिस्किटं आहेत, लोणी भरपूर घातलंय. मी स्तामूला. मिठागर होतं तेव्हा मीठ ओढायचे, आता ह्या सहा टाक्या राखते, किल्ली माझ्याच कमरेला. आत काय? समुद्रातलं शेवाळ, नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही इतकं बारीक. आमच्या डॉक्टरीणबाईंची, इफिगेनियाबाईंची, आठ वर्षं गेली त्याच्या अभ्यासात, लग्नसुद्धा राहिलं — राहिलं ते बरंच झालं म्हणा, तो मुलगा मी पाहिला होता. तर हे शेवाळ हायड्रोजन देतं, त्यावर म्हणे गाड्या चालतील. पण कधी देतं? त्याचं गंधक बंद करायचं, झाकण लावून हवा बंद करायची, तेव्हा. म्हणजे उपाशी मारायचं! हिरवंगार शेवाळ पिवळं पडतं हो, माझ्या डोळ्यांदेखत.

आता तुम्हीच सांगा — उपास मीही केला, ईस्टरआधीचे चाळीस दिवस, मांस नाही, अंडं नाही. पण ईस्टरच्या दिवशी? त्या दिवशी कुणी उपाशी राहतं का? माझी जाऊ, जिच्याशी मी अकरा वर्षं बोलत नाही, तिच्याही दारात ताट ठेवून आले — आणि ह्या मुक्या जिवांनी तसंच बसायचं? जीव तुटला माझा. जास्त काही नाही, झाकण उघडलं, खाडीतलं बादलीभर पाणी घातलं. त्यांच्या घरचंच पाणी. त्यात गंधक असतं हे मला काय ठाऊक — बरं, ठाऊक होतं, बाईंनी दहादा बजावलं होतं. म्हणून तर घातलं! आणि काय रंग परतला म्हणून सांगू! मग दर रविवारी — अहो, रविवारी उपाशी कसं ठेवायचं?

सहावी? सहावीतून येतोय ना गॅस, तेच तर म्हणते, बाईंचं काही चुकलेलं नाही! सहावीला शिडी लागते, आणि माझे गुडघे —

असे काय बघताय?

कागद फाडलात? देव तुमचं भलं करो! बाईंना जाऊन सांगा आधी, सकाळपासून रडतायत बिचाऱ्या, पाण्याचा घोट घेतलेला नाही. हात का पुढे केलात? आणखी एक देऊ?

अच्छा, टाक्यांची किल्ली.

हं. घ्या. बाई वाचल्या ना, मग झालं. जा आता. आणि साहेब, ते बिस्कीट खिशात टाका — त्यांच्यासमोर खाऊ नका.