पंचाहत्तरीनंतरचं काय?

खरं सांगतो, देशपांडेवर मी फार जळायचो. नव्वदच्या दशकात लखनौला, मानक नगरच्या रेल्वे कचेरीतून आम्ही एकाच महिन्यात रिटायर झालो. पेन्शन सारखीच, पण माझी वीस तारखेलाच ओढाताण सुरू व्हायची आणि हा दर हिवाळ्यात बायकोला घेऊन फिरायला जायचा. शेवटी मी विचारलंच. त्याने वही काढली. स्वतःच्या पंचाहत्तरीपर्यंतचा घरखर्च, सहली धरून, वर्षवार मांडलेला होता; साठवलेले पैसे तिथेच संपत होते.

"आणि पुढे?"

"आमच्या घराण्यात त्यापुढे कोणी जगलं नाही."

चहा ठेवता ठेवता वहिनी म्हणाल्या, "मी तुमच्याहून नऊ वर्षांनी लहान आहे."

देशपांडेने पेन उचललं. मग यंदाची सहल खोडून, वहिनींना शेजारी बसवून त्याने नव्याने लिहायला घेतलं.

मी आणखीच जळत घरी गेलो. माझ्या बायकोने मला असं कधी टोकलंच नव्हतं. टोकावं असं मी काही लिहिलंच नव्हतं.