नव्या कॅमेऱ्याचं कुंकू

शिरूरच्या कॅमेऱ्याच्या दुकानात माझ्यापुढं एक नवरा-बायको उभे होते.

"कालच घेतला भाऊ, आन् सगळे फोटो लाल, धुरकट येत्यात," नवरा म्हणाला.

"काचेवर कुंकू कुणी लावलं?" दुकानदारानं विचारलं.

"आमच्या सासूबाईंनी," बायको म्हणाली. " नवी वस्तू म्हणून पूजा केली."

"उद्या सकाळी आबांना, माझ्या वडलांना, समुद्र दाखवायला कोकणात न्यायचंय," नवरा म्हणाला. " आल्यावर त्यांचं हृदयाचं ऑपरेशन हाय. निघंल का डाग?"

दुकानदारानं फडक्यानं काच पुसली. "निघाला बघा."

"सगळं पुसलं?" बायको दचकली.

"अगं, त्यासाठीच तर आलो!"

"तुम्ही गप बसा. दादा, तुमच्या देव्हाऱ्यातलं कुंकू द्या थोडं, मागच्या बाजूला लावते. बिनकुंकवाचा कॅमेरा दिसला, तर सासूबाई आबांना गाडीत बसू द्यायच्या न्हाईत."