शेवटच्या ओळीपर्यंत

हॅलो? … मोठ्या बाईच बोलताय ना? … मग ऐका. माझ्या पोरीला नापास तुम्ही केलंत.

… कोण म्हणजे? मी द्रौपदी तावडे. जानकीची आई. नववी ब. … हो, तीच. तुम्ही शिकवता त्या शास्त्रात एकोणतीस. … नाही, ओरडत नाहीये, माझा आवाजच असा आहे. दिंडोशीच्या नाक्यावरून बोलतेय, राजारामशेठच्या दुकानातून. बाजूला पिठाची गिरणी चालू आहे. हळू बोलले तर तुम्हाला नुसतं दळणच ऐकू येईल.

… भेटायला या म्हणजे? दोनदा आले. तुमच्या शिपायानं, त्या खंडूनं, फाटकावरूनच परत पाठवलं. बाई कामात आहेत. तिसऱ्यांदा कशाला येऊ? खंडूला बघायला?

… सांगते ना, तेच सांगते. तुमची चिठ्ठी माझ्या हातात आहे. सोमवारी शास्त्राची फेरपरीक्षा. त्यात पास नाही झाली तर दाखला घेऊन जा. तुमचीच सही ना? … आज गुरुवार. आणि दाखला घेऊन जाऊ कुठे? दहावीच्या तोंडावर नापास पोरीला कुठली शाळा घेते? तिचे वडील म्हणतात, मंगळवारपासून मावशीबरोबर धाडू. गोरेगावला. शर्टांना काजं-बटणं करायला. मावशी तर जागा धरून बसलीय. … हसताय? … बरं, खोकलात. खोका.

… अभ्यास करत नाही? हे कोणी सांगितलं? बाई, पोर जेवत नाही. ताट पुढ्यात घेऊन नुसते ओठ हलवत बसते. मला भीती वाटायला लागलीय तिच्याकडे बघून. आणि तुम्ही म्हणता…

… मी घेते अभ्यास. मी स्वतः. … चौथी झालेय. वाचता येतं मला. … कसा म्हणजे? तुम्ही फळ्यावर उत्तरं लिहून देता, ती वहीत उतरवून आणते. वही माझ्या हातात. ती पाठ म्हणून दाखवते, मी वहीत बघते. एक शब्द चुकला की थांब. पुन्हा पहिल्यापासून. … हो, पहिल्यापासून. दर वेळी. माझ्या वडिलांनी मला भजनं अशीच शिकवली, गावी, कणकवलीला. एक शब्द गाळलास की आख्खं परत. अजून येतात मला सगळी. झोपेतून उठवून विचारा.

… का म्हणून काय विचारता? तुमच्यामुळे. सहामाहीचा पेपर आणलाय मी बरोबर. थांबा, पिशवीत आहे… हा. तेव्हा तिनं मनानं लिहिलं होतं. तुम्ही लाल शाईनं आडवं मारलंत. खाली लिहिलंत, 'वहीप्रमाणे लिही'. दहापैकी दोन. त्या दिवसापासून मी वही धरली. आता पाठ करते म्हणून नावं ठेवता. एकदा मनानं लिहिलं म्हणून मार खाल्ला, एकदा पाठ केलं म्हणून. पोरीनं करायचं काय?

… वार्षिकचा पेपर? बघा ना, काढा कपाटातून. आहे मी.

… राजारामशेठ, देते हो फोन. … कोणाचा फोन येणाराय आत्ता तुम्हाला? … येऊ दे. जावयाचाच ना, तो परत करील.

हां, बोला बाई. … कुठला प्रश्न? … पाश्चरीकरण? तो तर मलाच पाठ आहे. ऐका. 'सूक्ष्मजीव आपल्या सभोवताली सर्वत्र आढळतात. दूध हे सूक्ष्मजीवांच्या वाढीस उत्तम माध्यम आहे. त्यामुळे कच्चे दूध लवकर नासते. हे टाळण्यासाठी दुधावर…' … 'हे टाळण्यासाठी दुधावर…' … थांबा, येतंय. तुम्ही मध्ये बोलू नका. 'सूक्ष्मजीव आपल्या सभोवताली सर्वत्र आढळतात. दूध हे…'

… काय?

… तिनं पण तिथेच सोडलंय? 'दुधावर' लिहून? … पुढे कोरं?

… दुसरा बघा ना. तो गंजण्याचा. … तोही अर्धाच. … मग तो फुप्फुसांचा? …

सगळेच.

… सुरुवात बिनचूक म्हणताय. प्रत्येकाची. काना-मात्रा सुद्धा चुकलेली नाही. आणि शेवट एकाचाही नाही. …

… आहे, आहे लाइनवर.

… नको, समजावू नका. कळलं मला. दर वेळी पहिल्यापासून म्हटल्यावर पहिल्या चार ओळी शंभरदा झाल्या. पुढे पोर पोचलीच नाही. मी पोचूच दिलं नाही. वर मीच ओरडायचे, एवढा वेळ बसतेस, डोक्यात काय जातं म्हणून…

… भजनाचं वेगळं होतं, बाई. ती सगळे मिळून म्हणतात. मी अडले तरी बाकीचे पुढे न्यायचे. हिला न्यायला कोण होतं?

… हो, माझं चुकलं. … चुकलं म्हणाले ना. आता लिहून देऊ?

मग काय करू ते सांगा. चार दिवस आहेत. … शेवटाकडून? म्हणजे शेवटची ओळ आधी? … बरं. … अडली की मागे जायचं नाही, तिथूनच पुढे. बरं. … वही मिटायची? वही मिटली तर मी बघू काय? … तिनं मला समजावायचं. मला? … मला कळलं तर तिला आलं. … हे तुम्ही आज सांगताय? जूनपासून पोर तुमच्याच वर्गात बसतेय ना? … बरं, बरं, राहिलं.

आत्ताच करू या की. शेजारीच उभी आहे ती. जानकी, ये इकडे. वही मिट. मिट म्हणते ना. ठेव त्या साखरेच्या गोणीवर. पाश्चरीकरण म्हणजे काय, मला सांग. … सूक्ष्मजीव सर्वत्र नको. बाबांना परवा चहा करताना सांगत होतीस तसं सांग. … बाई, तिचे वडील संपात कापडाची गिरणी सुटल्यापासून आरेच्या डेअरीला आहेत. तबेल्यात, म्हशींच्या युनिटवर. … बोल गं. रडायचं नाही. बाई फोनमधून काय खात नाहीत तुला.

… ऐका, ती काय म्हणते तसंच सांगते. म्हणते, दुधात बारीक जीव असतात. ते वाढले की दूध नासतं. तापवलं की त्यातले बहुतेक मरतात. पण उकळी येऊ द्यायची नाही. … किती तापवायचं गं? … त्रेसष्ट अंशावर अर्धा तास धरायचं. आणि मग लगेच गार करायचं. … का? … कोमट ठेवलं तर जे उरलेत ते परत वाढतात. … आणि काय? … म्हणते, बाबा आणतात ते दूध आपण उकळतो, कारण ते तबेल्यातनं थेट येतं, यंत्रातून गेलेलं नसतं.

… झालं? … झालं म्हणते.

बाई, शेवट आला. ऐकलात ना? मध्ये अडली नाही. आणि मला कळलं. मला, चौथीवालीला.

… बरोबर आहे ना? … हो. … 'बरोबर आहे, पण.' पण काय? … भाषा? … शास्त्रीय वाक्यं नाहीत. वहीतले शब्द नाहीत. …

आत्ता तुम्हीच म्हणालात ना वही मिटा? आम्ही घरी मिटायची आणि तुम्ही पेपर तपासताना उघडून बसायचं?

… वरून साहेब लोक पेपर तपासायला येतात, ऐकलं. … सगळ्यांना एकच नियम, तेही ऐकलं. … दहावीचा निकाल शंभर टक्के. तो तर फाटकावरच रंगवलाय, येता-जाता वाचते मी. …

… राजारामशेठ, हात काढा फोनवरचा. एक मिनिट. हिच्या वर्षाचा प्रश्न आहे, नाहीतर आहेतच काजं-बटणं.

… नाही बाई, मी उद्या येत नाही. उद्या खंडू असतो. … नको, 'असं आहे बघा द्रौपदीबाई' नको. ही परत सुरुवात झाली. सुरुवात मला पाठ आहे. शेवट सांगा. सोमवारी माझी पोर हेच, असंच, तिच्या शब्दांत, शेवटच्या ओळीपर्यंत लिहील. तुम्ही मार्क देणार की नाही?

… बाई?

… मी फोन ठेवत नाही. देणार की नाही?