मावशींची दारू

सन्माननीय अध्यक्ष, आमचे शिंपीदादा. व्यासपीठ नसल्यामुळे दोन टेबलं जोडून त्यामागे अवघडून बसलेले मान्यवर. आजच्या सत्कारमूर्ती मावशी. त्यांचे जावईबापू, लेक आणि नात. आणि खुर्च्या संपल्यामुळे जिन्यात उभे राहिलेले माझे बंधू-भगिनी, सर्वांना मनापासून नमस्कार.

लाँड्रीच्या माथ्यावरच्या या खोलीत आपण दर आठवड्याला जमतो ते दारूपासून लांब राहण्यासाठी. पण खरं सांगतो, आज मला न पिताच चढली आहे. शिंपीदादा, डोळे वटारू नका, आनंद चढलाय! मावशी उद्या आपल्या गावी परत चालल्या, आणि निरोपाचं भाषण करायला उभं केलंत कोणाला, तर मला, चष्मेवाल्याला. लोकांच्या नजरेचे नंबर काढण्यात माझी हयात गेली, आणि या बाईंनी माझ्याच डोळ्यांत धूळ फेकली.

मुळात मावशींनी ही खोली शोधली कशी? बाहेर आपली पाटी नाही. विचारायचं कोणाला? मावशी थेट दारूच्या दुकानात गेल्या. "दारू सोडणारी माणसं कुठे बसतात हो?" गिऱ्हाईक कुठे गळतं हे दुकानदाराइतकं कोणाला ठाऊक असणार? तोंड वाकडं करून तो म्हणाला, "लाँड्रीच्या वर. माझी चांगली चांगली गिऱ्हाइकं खाल्ली त्यांनी." मावशींनी त्याचे आभार मानले, आणि "तुमचं आणखी एक जाणार हो," असं बजावूनही आल्या.

ते आणखी एक म्हणजे आमचे जावईबापू, लिफ्ट दुरुस्त करणारे. त्यांच्या परवानगीनेच बोलतोय. लेकीने घरात निर्वाणीचं सांगितलं होतं, पिणं सुटलं नाही तर मी मुलीला घेऊन वेगळी राहीन. मावशींनी जावयाला जिना चढवून आणलं खरं, पण दारात त्यांचे पाय अडले. शिंपीदादांनी नेहमीच्या मायेने विचारलं, "या, या. कोणासाठी आलात?" जावईबापू माघारी वळणार, तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "माझ्यासाठी. मला फार वाईट सवय आहे. हे माझे जावई, नुसते सोबतीला आलेत."

आता सांगा, सासूबाईंना आपल्यासारख्यांच्या घोळक्यात एकटं टाकून जावई जाणार कुठे? बसले बिचारे दाराशी.

आणि मग मावशी बोलायला लागल्या. ज्या बाईने आयुष्यात खोकल्याच्या औषधापलीकडे काही चाखलं नाही, ती छातीठोकपणे सांगू लागली, "मी बाटली हत्यारांच्या पेटीत लपवायचे. एकदा तर भरदुपारी झिंगून लिफ्टच्या टपावर चढले आणि तिथेच झोपले." मंडळी, सत्तरीची बाई लिफ्टच्या टपावर कशाला चढेल? ही शंका आपल्यापैकी एकाला तरी आली? आणि येऊनही उपयोग काय! आपला नियमच आहे, दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घालायचं नाही, उलटतपासणी करायची नाही. आपण गंभीरपणे माना डोलावल्या. मी तर घरी जाऊन बायकोला म्हणालो, "त्या माऊलीला या वयात जमतंय, मग मला काय धाड भरलीय?" तेव्हापासून मी थेंबाला शिवलेलो नाही. तुमच्या थापेवर माझा संसार उभा आहे, मावशी!

जावयाचे पराक्रम असे सासूच्या तोंडून निघत, आणि जावईबापू बुटांकडे बघत ऐकत. घरी पिणं चालूच होतं. लेकीने सामान बांधायला घेतलं. त्याच आठवड्यात मावशी इथे सांगत होत्या, "मी पिऊन नातीच्या शाळेत गेले. सगळ्यांसमोर पडले. पोरगी रडत पळून गेली."

"चूक आहे ते!"

दाराशी खुर्ची आपटली. जावईबापू उभे. "रडली नाही ती. पळालीही नाही. माझा हात धरला आणि म्हणाली, बाबा, हळू चला, मी आहे ना. घरापर्यंत आणलं तिने मला. मला, यांना नाही. यांनी कधी थेंबसुद्धा घेतलेला नाही हो. हे सगळं माझं आहे."

नियम मोडला होता. शिंपीदादांनी डोळे पुसले आणि जावयाची खुर्ची दाराजवळून उचलून आपल्या शेजारी मांडली. मी तर हुंदका देऊन रडलो, लाज कसली! मावशी आजही शपथेवर सांगतात, तो तपशील अनवधानाने चुकला. मी विश्वास ठेवतो. त्यांच्यावर विश्वास ठेवण्याचा माझा अनुभव चांगला आहे.

त्या दिवसापासून जावईबापू पीत नाहीत. लेकीने बांधलेलं सामान सोडलं. मावशी मात्र येतच राहिल्या, आता त्या सोबतीला. मग गेल्या महिन्यात काय झालं, मीटिंगची वेळ झाली, मावशी चपला घालून दारात उभ्या, आणि जावईबापू केव्हाच निघून गेलेले. एकटेच! सासूबाईंना न्यायचं साफ विसरले. लेक ओशाळून म्हणाली, "आई, रागावू नकोस गं." मावशींनी चपला काढल्या आणि म्हणाल्या, "अगं, रागावतेय कशाला? माझं परतीचं तिकीट काढ."

खाली मशीन बंद ठेवून आम्हाला शांतता देणाऱ्या लाँड्रीवाल्यांचे आभार, लेकीचे आणि नातीचे आभार, आणि पत्ता सांगणाऱ्या त्या दारूच्या दुकानदाराचेही आभार. आनंदाच्या भरात काही वेडंवाकडं बोललो असेन तर पोटात घाला. पण मावशी, जावईबापू तुम्हाला दारात विसरून गेले, त्याची माफी मात्र मी मागणार नाही. ती चूक त्यांच्या हातून दर आठवड्याला घडो. नमस्कार.