सोळातले आठ

दौलतराव : तुझं ते ओव्हरले-फोव्हरले मंग पाहू. आदी सांग, सोळातले आठ कुठं गेले?

मोईन : काका, कॉम्प्युटर आज मी अजून उघडलाबी नाई.

दौलतराव : आज नाई उघडला. मांगच्या सोमवारी उघडला होता ना, पंख्यातली धूळ काढाले? इथं आणला तवा सोळा जीबी मेमरी होती. घरी नेला तं आठ. बाकीची का रस्त्यात जऊळक्याच्या फाटकाजवळ सांडली?

वैभवी : बाबा, हळू बोला. बाहेर लोकं उभे आहेत.

दौलतराव : ऐकू दे लोकायले. लोकायसाठीच बोलून राह्यलो.

मोईन : वैभवीताई, तुमी सांगा. तुमाले कवा समजलं?

वैभवी : काल, मोईनभाऊ. रेसिंगच्या गेमवर ओव्हरले टाकाले गेली, तं त्याले सोळा जीबी पायजे होते. मी पाह्यलं तं आठच दिसले. तरीबी टाकलं. गाडी अशी अडकत अडकत चालते, जशी चिखलात फसली. उद्या चार वाजता रेसिंगच्या टीमवाले माझी ऑनलाइन चाचणी घेऊन राह्यले.

दौलतराव : हे ओव्हरले म्हणजे नेमकी काय भानगड आहे? मले तं इथंच गोम दिसते.

मोईन : गेमच्या पडद्यावर दुसरा काचेसारखा पडदा. मांगची गाडी किती सेकंदावर आहे, आपल्या टाकीत पेट्रोल किती, बाजूले कोणी घासून तं नाई चाललं, हे सारं थे दाखवते.

दौलतराव : म्हणजे दुसऱ्याच्या गाडीवर पाळत.

वैभवी : पाळत कायची, बाबा? आपल्या एवढ्याशा स्क्रीनमध्ये बाजूची गाडी दिसतच नाई. मांगच्या शर्यतीत त्यानंच ठोकली मी.

दौलतराव : आन् त्याच्यासाठी हा म्हणते, अँटिव्हायरस बाजूले करा. चौकीदाराले सांगा, तू जेवून ये तवरक!

मोईन : बाजूले नाई करत, काका. त्याले फक्त सांगा लागते, हे एक प्रोग्राम ओळखीचं आहे, याले अडवू नको.

दौलतराव : अस्सं. ओळखीचं.

मोईन : बोला ना सरळ. मेमरी मी काढली?

दौलतराव : मी कायले बोलू? साऱ्या मालेगावात तुह्याशिवाय हा डबा कोणी उघडला नाई.

मोईन : बोलून तं झालं तुमचं. सकाळी वीरेंद्रच्या हॉटेलात चहा पेता पेता बोलले तुमी. 'मोईन मेमरी काढून घेते.' दहा वाजेपर्यंत दोन गिऱ्हाईक आपले लॅपटॉप उचलून चालले गेले. एक म्हणे घरी पाहुणे आले. पाहुण्यायले बंद पडलेला लॅपटॉप कायले लागते, काका?

वैभवी : बाबा! तुमी हॉटेलात सांगतलं?

दौलतराव : मी म्हटलं, पाहून घ्या बाप्पा. सावध करणं गुन्हा आहे का?

मोईन : या दुकानात विकाले काय आहे? चार केबल, दोन माउस. लोकं आपली मशीन माझ्या हाती सोडून जातात, त्याच्यावर माझं घर चालते. थे बंद झालं तं मी शटर ओढून कुठं जाऊ?

दौलतराव : हे मेमरी काढाच्या आदी सुचाले पायजे होतं.

मोईन : माझ्या अब्बानं पस्तीस वर्षं याच गाळ्यात घड्याळं दुरुस्त केले. तुमी हातातलं घड्याळ त्यायच्या टेबलावर ठेवून धनज गावी लग्नाले निघून जात होते. अब्बाले कवा विचारलं, आतली चाकं तेवढीच आहेत का?

दौलतराव : गुलाम नबीची गोष्ट वेगळी होती.

मोईन : काय वेगळी होती?

दौलतराव : जमाना वेगळा होता.

मोईन : जमान्याचं नाव नका घेऊ. मोबाईल म्हणा. रोज सकाळी गुड मॉर्निंगच्या मांगं मांगं तुमाले जे येते, थे मलेबी येते, काका. त्याच्यात मीच असतो.

दौलतराव : थे राजकारण इथं आणू नको. मी कच्चा माणूस नाई. तू काही तरी बदलवशीन हे मले पह्यलेच वाटलं होतं, म्हणून बंदोबस्त करूनच आणला होता.

वैभवी : कसला बंदोबस्त?

दौलतराव : उघड म्हणा त्याले. आत माझी निशाणी नसली, तं मी इथून सरळ ठाण्यात जातो.

(मोईननं झाकण काढलं. मेमरीच्या दोन्ही पट्ट्या आपापल्या जागी होत्या. त्यातली एक काढून त्यानं दाराच्या उजेडात धरली.)

मोईन : ताई, मोजा. आठची एक, आठची दुसरी.

वैभवी : दोन्ही तं आहेत! मग दिसत काहून नाई?

मोईन : काका, हे हिरवं काय आहे?

दौलतराव : हेच तं. माझी निशाणी. ऑइलपेंट. बाजारात सोयाबीनचे कट्टे-पोते नेताना लावतो आमी, कोणी अदलाबदल करू नाई म्हणून.

वैभवी : तुमी कॉम्प्युटर उघडला, बाबा? कवा?

दौलतराव : इथं आणाच्या आदल्या दिवशी. तू बाहेर गेल्ती.

मोईन : आन् रंग लावाले जागा कोणती भेटली? हे सोनेरी दात?

दौलतराव : वरचं स्टिकर तं कोणीबी खरडते. दात खाचेत बसतात, चोराच्या ध्यानात येत नाई.

मोईन : हेच दात खाचेत टेकले तं मेमरी चालते. मधात रंग वाळून बसला, पट्टी मुकी झाली. नशीब समजा, दुसरीले नाई लावला, नाई तं पडदाच काळा राह्यला असता.

दौलतराव : दुसरी निघत नव्हती. लय घट्ट होती.

वैभवी : म्हणजे सोमवारी आणला तवाच आठ होते.

मोईन : होते. मी पंखा साफ केला, चालू झालं एवढं पाह्यलं अन् देऊन देला. मेमरी किती दिसते हे पाह्यलं नाई. थेवढी चूक माझी. खोडरबर द्या, ताई. अन् थे स्पिरिटची बाटली.

वैभवी : निघून राह्यलं?

मोईन : निघते. आता लावतो... घ्या. सोळा.

दौलतराव : चला, झालं. आता घरातली गोष्ट घरात राहू द्या.

मोईन : हॉटेलातली गोष्ट घरात कशी राहीन? वीरेंद्रले फोन लावा.

दौलतराव : काय सांगू त्याले? मीच रंग फासला म्हणून? गावभर हासतीन बे!

मोईन : मले चोर म्हटलं तं चालते. तुमाले हासलं तं नाई चालत?

वैभवी : घ्या बाबा. रिंग जाऊन राह्यली.

दौलतराव : हॅलो, वीरेंद्र... होय, मोईनकडंच आहो. काही काढलं नव्हतं त्यानं... नाई नाई, सारं जागेवरच होतं. थोडासा रंग लागला होता.

वैभवी : लागला नव्हता, बाबा.

दौलतराव : मी लावला होता. मी! ऐकू आलं ना? आता सांग तुह्या टेबलावरच्या साऱ्यायले... हास, हास. ठेवतो.

वैभवी : मोईनभाऊ, ओव्हरले?

मोईन : सुरू झालं. गेम बिनचौकटीच्या विंडोत ठेवा, तवाच हे वरतं दिसते. बाजूले गाडी आली का ही पट्टी लाल होईन. ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर तेवढा उतरून राह्यला. दीड तास लागीन.

दौलतराव : मंग राहू दे इथंच. आमी बजार करून येतो. तुह्यावर भरवसा आहे आता.

मोईन : नाई काका. खुर्ची इकडं वढा. माझे हात दिसतीन अशी.