कॅमेऱ्यावरचा लाल ठिपका

मंडळी, आधी एवढं सांगा. माणूस समोर उभं आहे, आपलंच आहे, आणि तरी धूसर दिसतंय — तर दोष कुणाचा? त्या माणसाचा? का आपल्या डोळ्याचा? थांबा, मान हलवू नका. आमच्या रंगनाथानंही अशीच मान हलवली, आणि फसला.

रंगनाथ डुंबरे, ओतूरचा. लग्नाचे फोटो काढणारा. बायको शालन जोडीला — बायकांकडचे फोटो तिचे, मांडवातले त्याचे. कॅमेरा एकच. नवराबायकोत एक कॅमेरा, आणि भांडण नाही! मृदंगाचार्य, हसू नका, तुमच्या घरी रिमोट पुरत नाही.

तर चाळिशी उलटली, आणि एके दिवशी रंगनाथानं कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावला — आत धुकं. पुसलं. फुंकर मारली. पुन्हा पुसलं. धुकं तिथंच. लेन्स हातानं फिरवून कसंबसं चित्र जमवलं, आणि घरी येऊन बघतो तर नवरी पुसट, मागचा पडदा मात्र झालरीसकट लख्ख.

दुकानात नेला. "काका, कॅमेरा ठणठणीत." डोळे दाखवले. "लांबचं उत्तम," डॉक्टर म्हणाले, "वाचायला तेवढा चष्मा लावा." आता सांगा — कॅमेरा बरा, डोळा बरा, मग धुकं आलं कुठून?

बरं, रोज धुकं असतं तरी एक वेळ कळलं असतं. पण पिशवीतून काढला की धूसर, आणि हळदीत शालनच्या हातून ओढून घेतला की स्वच्छ. रंगनाथाला वाटलं, कॅमेराही आता बायकोचंच ऐकायला लागला. बोलला मात्र नाही. फोटोवाल्यानं 'दिसत नाही' म्हणायचं, म्हणजे कीर्तनकारानं तोंड शिवून घ्यायचं.

अशात भाचीचं लग्न आलं. ऋतुजा म्हणाली, "मामा, अंतरपाट खाली आला की आम्ही एकमेकांकडे बघू ना, तेवढं तूच टिप हं. ते पुन्हा नाही करता येत."

खरंच आहे की. हार दुसऱ्यांदा घालता येतो. ती नजर?

मंगलाष्टका चालू झाल्या. रंगनाथानं डोळा लावला — धुकं. नवरी कुठली, करवली कुठली, कळेना. हातात अक्षता घेऊन सगळे सज्ज, आणि ह्याच्या कपाळावर घाम. शेवटचं कडवं सुरू झालं. तेव्हा कुठं तोंड उघडलं.

"शालन, मला दिसत नाही गं."

ती जवळ सरकली. मग म्हणाली, "आतले आकडे तरी दिसतात का?"

"तेही पुसट."

"मग पोरीकडे काय बघताय? आकडे तर कॅमेऱ्याच्या पोटातले; तेच पुसट, म्हणजे घोळ खिडकीचा." तिनं खिडकीशेजारचं बारीक चाक अंगठ्यानं फिरवलं. "आता?"

"अजून."

"आता?"

आकडे लख्ख. मुंडावळ्यांचा मोती न् मोती लख्ख. अंतरपाट खाली आला, ऋतुजानं वर पाहिलं — आणि खटक्!

जेवणं उरकल्यावर रंगनाथानं विचारलं, "त्या चाकाचं केलंस काय?"

"अहो, हे चाक ज्याच्या-त्याच्या डोळ्याप्रमाणे लावायचं; मला एका जागी दिसतं, तुम्हाला दुसऱ्या. तुमची जागा तुम्हीच लावली होती, लग्नाच्या वर्षी. तिथं मी नेलपॉलिशचा ठिपका दिला. माझं काम झालं की दर वेळी चाक त्या ठिपक्यावर आणते, मगच पिशवीत ठेवते. तुम्हाला त्रास नको."

चाक लावल्याचं रंगनाथ कधीच विसरला होता; त्याला वाटायचं, ठिपका कंपनीनंच दिलाय. इतकी वर्षं रोज कुणीतरी न सांगता त्याच्यासाठी चाक मागं आणत होतं — आणि धुकं यायचं ते तिथूनच. डोळा पुढं सरकून शालनच्या जागेपाशी आला होता, माया ठिपक्यावरच राहिली होती.

शालननं नखानं ठिपका खरवडून टाकला.

"नवा दे की," तो म्हणाला.

"नको. आता विचारत जाईन."

मंडळी, मगाचा प्रश्न आठवतोय? दोष ना समोरच्याचा, ना डोळ्याचा. ती बघा, तिसऱ्या रांगेत एक माऊली बाळाला थोपटतेय. रडतंय तर रडू दे बाई, बाहेर नेऊ नकोस. उद्या ते हात सोडून पळेल, परवा दार लावून बसेल, आणि तू अजून मऊ भातच कालवत राहशील. माया खोटी नाही गं. ठिपका जुना. सासूबाई, तुमची सून अजून लग्नातलीच आहे का? बुवा, तुमचा भाऊ अजून वाटणीच्या दिवशीचाच?

तर विठ्ठल म्हणा. पण आज डोळे मिटून नको. शेजारी कोण बसलंय, त्याच्याकडे बघून म्हणा — आणि दिसलं नाही, तर विचारा.